प्रज्ञाला पाठवलेला अंगठा

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, आईजवळ नाही. पुण्यात असताना एका समुपदेशक बाईंकडे जायचो — त्यांच्याजवळही नाही. त्यांना बापाबद्दल सांगितलं, साहेबाबद्दल सांगितलं, झोप लागत नाही तेही सांगितलं. बहिणीचा विषय निघाला की म्हणायचो, आमचं एकदम छान आहे. आता तुम्हाला सांगायला बसलोय, तरी बघा — आधी इकडचं तिकडचंच सुचतंय. थोडं बोलू द्या, मग येतो त्यावर.

मी दिग्रसचा. बाबा एसटीत कंडक्टर होते. आमच्या घरातून इंजिनिअर होऊन पुण्याला गेलेला पहिला मी. आमची पिढी तुम्हाला ठाऊकच आहे — लहानपणी एसटीडी बूथबाहेर रांगेत ताटकळलेली आणि आता फोन वाजला की छातीत धस्स होणारी. तुमचंही होतं का असं? स्क्रीनवर घरचंच नाव असतं आणि आपण तो फोन वाजून वाजून बंद व्हायची वाट बघतो. मग लगेच लिहितो, 'मीटिंगमध्ये आहे, काय ते पाठव.' कसली मीटिंग आणि कसलं काय! पलंगावर लोळत कुण्या अनोळखी माणसाच्या सहलीचे व्हिडिओ बघत असायचो मी. वाचल्याच्या निळ्या खुणासुद्धा बंद करून ठेवल्या होत्या. ह्या सगळ्याला मी 'माझी स्पेस' म्हणायचो, आणि मित्रमंडळीत त्या शब्दाला मोठा मान होता.

घरच्यांना टाइप करायचा कंटाळा. ते आपले बोलून पाठवायचे. आईचे मेसेज तर काय विचारता — पापड वाळले, शेजारणीची सून बाळंत झाली, जेवला का, काय जेवला. मी ते ऐकत नसे. रेघ किती लांब आहे ते बघायचं, दोन-चार मिनिटं जाऊ द्यायची, म्हणजे ऐकलं असं वाटतं — आणि अंगठा पाठवून द्यायचा. समोरचा खूश, आपण मोकळे. कधी कुणी पकडलं नाही.

आणि ह्याच दिवट्याचं स्टेटस काय असायचं? 'मुलीचं मत आधी ऐका.' चौदा एप्रिलच्या जयंतीला तर मी लांबलचक लिहायचो. आपल्या बापांच्या पिढीनं कुणाचं ऐकून घेतलं नाही, आता आपण ऐकायचं, वगैरे. लोक खाली बदाम टाकायचे. प्रज्ञासुद्धा टाकायची.

प्रज्ञा माझी धाकटी बहीण. दिग्रसलाच एका तपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. रक्त काढायला हात इतका हलका की म्हातारी माणसं 'ते पोरगी आली का' विचारूनच आत शिरायची. घरी आली की आज सूक्ष्मदर्शकात काय दिसलं ते सांगत बसायची. आई म्हणायची, बाई, जेवताना तरी नको. तिला ते काम फार आवडायचं. मला हे माहीत होतं. नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

तिला फुलसावंगीचं स्थळ आलं. मुलगा शिकलेला, बी-बियाण्यांचं दुकान, घरचं शेत, माणसं आपल्यातलीच. मी पुण्यातून फोटो पाहिला, बायोडाटा वाचला आणि चांगलं वाटतंय म्हणून कळवलं. आता आमच्या घरची रीत ऐका. काहीही ठरवायचं असो, बाबांचं एकच — 'दादाले विचारा.' फ्रीज घ्यायचा, दादाले विचारा. आईचा डोळा दाखवायचा, दादाले विचारा. बाबा वाईट माणूस नाहीत, पण त्यांच्यासमोर कुणाचाच आवाज निघत नसे, अन् प्रज्ञाचा तर नाहीच. त्यामुळे तिला जे काही सांगायचं ते माझ्यामार्फतच पोचायचं.

मुलाकडचे पाहून गेले त्या आठवड्यात तिनं मला फोन केला. मी कापला. तिनं परत केला. मी परत कापला आणि लिहिलं, बोलून पाठव. तिनं पाठवलं. लांब होतं. थोडा वेळ जाऊ दिला — आणि अंगठा.

एवढं ऐकून तुम्ही म्हणाल, चूक झाली, कुणाचीही होते. मलाही इथंच थांबावंसं वाटतं. एवढंच असतं तर मी केव्हाच हसतखेळत सांगून टाकलं असतं. पण हे अर्धं झालं.

संध्याकाळी बाबांचा फोन आला, तो मी उचलला. 'प्रज्ञानं तुले विचारलं म्हने, अन् तू हो म्हणला. झालं मंग बावा, आता कायले थांबाचं?' मी हो-हो केलं. मला वाटलं, स्थळाचंच म्हणताहेत, ते तर मी चांगलं आहे म्हटलंच होतं. साक्षगंध झालं, म्हणजे साखरपुडा. मी आलो, फोटो काढले, जावयाशी गप्पा मारल्या. प्रज्ञा शांत होती. लाजते आहे, असं मावशी म्हणाली आणि मीही तेच धरून चाललो.

लग्नाच्या तयारीला सुट्टी काढून आलो तेव्हा पत्रिका वाटायचं काम माझ्याकडे आलं. मावशी आर्णीला असते. तिला पत्रिका द्यायला गाडीवर निघालो तर गावात शिरता शिरता मागचं चाक बसलं. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बघत होता आणि मी — करणार काय? — पत्रिका सीटवर ठेवून तिचा फोटो काढायला गेलो, स्टेटसला टाकायला. फोन म्हणाला, जागा नाही. मग बसलो जुने मेसेज पुसत. आईचे पुसले. प्रज्ञाचा तो लांबलचक दिसला. आता वेळच आहे तर ऐकू, म्हटलं. इतकं सहज ऐकायला घेतलं मी ते.

'दादा, पोरगा चांगला असन, मी वाईट नाही म्हणत. पण ते म्हणतात काम सोडा लागन. मले नाही सोडाचं. मले हे लगनच नाही कराचं, दादा. बाबासमोर तोंडातून शब्द निंघत नाही माह्या. तू सांग त्याहीले, तुह्यं ऐकतात ते. अन् तुले बी वाटलं का करावं, तं मी करीन. पण पुरं ऐकजो, मंगच सांगजो.'

पंक्चरवाला विचारत होता, जुनी ट्यूब ठेवू की नवी टाकू. मला त्याचं बोलणं समजेना. मी त्याच्या बाकड्यावर बसूनच राहिलो.

आता ऐका, खरं सांगायचंय ते हे. लग्न अजून झालं नव्हतं. माझ्या पिशवीत निम्म्या पत्रिका तशाच होत्या. दिग्रस किती लांब आहे आर्णीहून? गाडी फिरवून बाबांसमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, पोरीला नाही करायचं, तिनं मला सांगितलं होतं, मी ऐकलंच नव्हतं. तीन वाक्यं. पहिली दोन मी म्हणू शकलो असतो हो. तिसरं माझ्या तोंडातून निघालं नसतं. घरात मान कशाचा होता मला? दादा शिकलेला आहे, दादा समजून घेतो, दादा आपल्यासारखा नाही. ते सगळं त्या एका वाक्यात जाणार होतं. बाबा काय म्हणतील, पाहुणे काय म्हणतील — ही कारणं मी नंतर जुळवली. तिथं बसल्या बसल्या मला फक्त माझ्यापुरती भीती वाटत होती.

मी तो मेसेज पुसून टाकला. नवी ट्यूब टाकायला सांगितली. मावशीकडे गेलो, पत्रिका दिली, तिच्या हातचा चहा प्यालो. फोनमध्ये जागा झाली होती, म्हणून निघताना पत्रिकेचा फोटोही काढला आणि स्टेटसला टाकला. हो, टाकला.

लग्न झालं. प्रज्ञा पांढऱ्या साडीत फार सुंदर दिसत होती. बुद्धवंदना झाल्यावर तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मी कॅमेऱ्याच्या मागे गेलो.

जावई वाईट नाही. मारत नाही, पीत नाही, आईबाबांना विचारून असतो. लॅब मात्र सुटली ती सुटलीच. दुकानाचा हिशेब, घरचं, दोन लेकरं. मी तिचे सगळे फोन उचलतो हल्ली. पहिल्या रिंगला उचलतो. ती हसते, म्हणते, दादा सुधरला.

परवा उन्हाळ्यात ती माहेरी आली होती. मीही आता घरूनच काम करतो म्हणून दिग्रसलाच असतो बरेच दिवस. बाबांचं रक्त तपासायचं होतं, म्हणून आम्ही दोघं त्यांना घेऊन गेलो — तिच्याच जुन्या लॅबमध्ये. तिथं आता दुसरी मुलगी होती. बाबांची शीर तिला सापडेना. एकदा टोचलं, दुसऱ्यांदा टोचलं. प्रज्ञा खुर्चीवरून अर्धी उठली आणि परत खाली बसली. मग म्हणाली, चल बाहेर, मले पाहवत नाही.

बाहेर पायरीवर बसलो. ती रस्त्याकडे बघतच म्हणाली, 'दादा, एक विचारू? तवा तू पुरं ऐकलं होतं ना माह्यं?'

इतक्या वर्षांत तिनं कधी विचारलं नव्हतं. नाही म्हणालो असतो, तर तिला कळलं असतं की तिचं म्हणणं कुणी ऐकलंच नव्हतं. हो म्हणालो असतो, तर ऐकूनसुद्धा मी तिला सासरी पाठवलं असं झालं असतं. एवढा हिशेब मी केला, तिच्याशेजारी बसून, तिच्या तोंडाकडे न बघता. आणि ह्यात मी कुठं बरा दिसतो, तेही बघितलं. जाणता भाऊ चुकला तरी जाणताच राहतो ना?

'ऐकलं होतं,' मी म्हणालो.

तिनं मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर राग आला असता तर बरं झालं असतं. आला नाही.

'मंग ठीक हाये. मले कधी कधी वाटे, तुले तो मेसेज पोचलाच नसन. पुरं ऐकून तू ठरवलं, तं माह्यंच समजाले कमी पडत असन तवा.'

तिचं काही कमी पडत नव्हतं. हे तिला सांगायला तोंड माझ्याजवळ होतं, वेळ होता, ती शेजारीच बसली होती. मी सांगितलं नाही. आतून बाबा कोपराशी कापूस दाबत बाहेर आले, ती त्यांचा हात धरायला उठली आणि मी गाडी काढायला गेलो.