कडी लावायची राहिली

आमच्या चिखलोलीच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एक बाई पाळणाघर चालवतात. सगळे त्यांना मावशी म्हणतात. त्या मात्र दोन वर्षांच्या पोरालाही अहो-जाहो करतात. “अहो साहेब, भात गार होतोय, काय?” हे ‘काय’ त्यांच्या प्रत्येक वाक्याला असतंच. आईबापांशी बोलतानाही त्यांचे डोळे मुलांवर असतात.

परवा संध्याकाळी मी मुलीला आणायला गेले, तर मावशी उंबऱ्यातच उभ्या होत्या. रडून डोळे सुजले होते.

“मॅडम, दुपारी दाराची कडी लावायची राहिली. एक मूल जिना उतरून थेट रस्त्यावर गेलं. रिक्षावाल्याने ब्रेक मारला म्हणून वाचलं. चूक माझी आहे. येईल त्या प्रत्येकाला सांगतेय.”

‘काय’ एकदाही आलं नाही.

मी पटकन विचारलं, “माझी नव्हती ना?”

“नाही.”

“हुश्श! मग ठीक आहे.”

“ठीक कसं, मॅडम?” मावशी हळूच म्हणाल्या आणि बाजूला झाल्या. आत सतरंजीवर त्या मुलाची आई त्याला छातीशी धरून बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

“कडी उंचावर बसेपर्यंत आणि मदतीला बाई मिळेपर्यंत पाळणाघर बंद ठेवतेय,” एवढं मला सांगून मावशी आत गेल्या आणि तिच्यापुढे पुन्हा हात जोडून बसल्या.

माफी मीही मागायला हवी होती. मी खाली वाकून मुलीचे बूट शोधत राहिले.