बांगड्या भरताना

भवानी पेठेत आमचं बांगड्यांचं दुकान होतं. सासरे होते तोवर बायका त्यांच्या हातात हात देऊन निवांत बसत. सासरे आम्हांला सांगत, "हात दाबताना ऐकत राहायचं. बाई बोलायला लागली की हात सैल पडतो, मग बांगडी आपसूक चढते."

माझे यजमान मात्र तेव्हा गिरणीत, मागखात्यात कामाला होते. तिथल्या खडखडाटानं त्यांचे कान हळूहळू गेले. सासरे वारल्यावर ते गिरणी सोडून दुकानात बसले, तेव्हा कानाशी ओरडलं तरच त्यांना ऐकू येई. पण हे कुणाला कळू द्यायचं नाही, असा त्यांचा हट्ट. गिऱ्हाईक बोलू लागलं की ते मान हलवत, हसत, "बरं झालं" म्हणत. पुष्कळदा ते निभावूनही जाई.

मोहोळकडची एक धनगराची सून बाजाराला आली की आमच्याकडेच बांगड्या भरायची. मागच्या खेपेला तिच्या कडेवर तान्हं होतं. त्या दिवशी एकटीच आली. दोन्ही मनगटं मोकळी. मी आत भाकरी थापत होते, मधे नुसता पडदा.

"मामा, पोरगं गेलं माजं," ती म्हणाली. "लई ताप भरला हुता. हात आपटून आपटून बांगड्या समद्या फुटल्या. मोकळा हात बरा न्हाय म्हनून सासूनं धाडलंय."

"बरं झालं की, बाई," हे हसून म्हणाले. "देवाची कृपा."

मी पिठाच्या हातानंच बाहेर धावले. तिनं हात ओढून घेतला होता. हे हिरवी बांगडी धरून अजून हसतच होते.

"त्यांना ऐकू येत नाही गं," मी म्हटलं. "तू काय बोललीस ते त्यांना कळलंच नाही."

"मग इचारायचं की," ती म्हणाली. "म्या पुन्यांदा सांगितलं असतं."

आणि ती उठली. मी कोपऱ्यापर्यंत मागं गेले, पण ती थांबली नाही.

परत येऊन मी यांच्या कानाशी तोंड नेलं आणि तिचं बोलणं ओरडून सांगितलं. रस्त्यानं जाणारे वळून बघू लागले.  हे हातातली बांगडी खाली ठेवून म्हणाले, "उद्यापासून तू बस."

मी बसू लागले. यांच्या अशा उत्तरांनी दुकानापासून तुटलेल्या बायका एकेक करून परतल्या, माझ्याशी बोलू लागल्या. हे मागं बसून रंगांप्रमाणे बांगड्या लावून ठेवत. बाजाराच्या दिवशी मात्र भुवया उंचावून माझ्याकडे बघत, ती आली का म्हणून. मी मान हलवून नाही म्हणे. पुढं पुढं त्या दिवशी ते दुकानात येईनासे झाले. आत भिंतीकडे तोंड करून पडून राहत. जेवायला उठवायचं तर खांद्याला हात लावून हलवावं लागे.