सकाळी आठची लाइन

अमरावतीच्या कॉलेजातून एक मॅडम अन् दोन पोट्टे आले अन् म्हणाले, काका, हलीमाबीवर दोन पानं लिहून द्या. पुढच्या महिन्यात तिचा सत्कार आहे, आमी पुस्तिका काढून राहिलो. मी म्हटलं, माह्याकडून काहून? गावात दोन मास्तर रिकामे बसून आहेत, त्यायले सांगा. तर मॅडम म्हणाल्या, हलीमाबीनंच तुमचं नाव सांगितलं, दुसऱ्या कोणाचं लिहिलेलं चालणार नाही म्हणे. झालं, मी लिहायले बसलो.

त्यांच्या कागदावर पर्यावरण, नवी कल्पना, समाजात बदल असं बरंच छापलं आहे. ते मागून सांगतो. आधी हे सांगतो की तिचा नवरा वाहेद माह्या तारेनं मेला. दप्तरात अटॅक लिहिला आहे, तो खोटा आहे. पुस्तिकेत छापता येत नसेल तर नका छापू, पण मले सुरुवात दुसरीकडून करता येत नाही.

आमचं गाव मूर्तिजापूरपासून बारा किलोमीटर. स्टँडवर वाहेदचं मोटारी भरायचं दुकान. विहिरीवरची मोटार जळली की कास्तकार ती घेऊन त्याच्याकडेच पळायचा. मागच्या खोलीत हलीमाबी तांब्याच्या तारेची वेटोळी भरायची. वाहेद उघड सांगायचा की नाव माहं अन् हात तिचा. तिले कोणाशी फार बोलताना मी पाहिलं नव्हतं. भाबी, चहा सांगा, एवढंच आमचं तिच्याशी बोलणं.

आता डुकराचं. शहरातल्या माणसाले डुक्कर म्हटलं की नालीतलं आठवते. रानडुक्कर वेगळी चीज आहे बाप्पा. माही बायको आशा तुरीत निंदत होती. नाल्यातून डुक्कर आलं अन् तिची मांडी गुडघ्यापासून वरपर्यंत फाडून गेलं. मी विळा घेऊन धावलो तर त्यानं मुंडकं झाडून मलेच आडवं केलं. आशाले बावीस टाके पडले. ती आजही पाय ओढत चालते, अन् तवापासून वावरात एकटी जात नाही.

त्या दिवशी माहं डोकं फिरलं ते फिरलंच. मी आकडा टाकला. आकडा म्हणजे खांबावरच्या लाइनवर टाकलेली चोरीची तार. तिचं दुसरं टोक गुडघ्याएवढ्या खुंट्यांवरून धुऱ्यानं, म्हणजे वावराच्या बांधानं, फिरवायचं, जे शिवलं ते मेलं. गावात चाळीसेक जण टाकायचे, मी काही एकटा नव्हतो. पहिल्या महिन्यात दोन डुकरं मेली. मी त्यायच्यावर थुंकलो, दगड घालून त्यायचे दात पाडले. मले बरं वाटलं, खोटं काहून सांगू? मग एक रोही, म्हणजे नीलगाय, मेली. गाभण होती. ती मेल्यावरही तिच्या पोटात पिलू हालत होतं, अन् मी बाजूले बिडी पेटवून उभा होतो. तवाही आकडा काढला नाही.

आमच्याकडे वावरातली लाइन पाळीपाळीनं येते. रात्रपाळीची लाइन पहाटे जाते. लाइन गेली की तार मेली, असा साऱ्या गावाचा समज. मग आकडा काढायची तसदी कोण घेते? संध्याकाळी पुन्हा टाकायचाच आहे. त्या दिवशी पहाटे लाइन गेली अन् मी घरी येऊन चहा पीत बसलो. सकाळी आठ वाजता ती वेळ नसताना परत आली. वाहेद माह्या वावराकडे निघाला होता. माह्या मोटारीचा स्टार्टर बिघडला म्हणून मीच त्याच्याकडे दुरुस्तीले टाकला होता, अन् तो दुरुस्त करून काखेत मारून वाहेद माह्याच धुऱ्यानं येऊन राहिला होता.

चहा पिऊन मी वावरात पोचलो तवा तो पडलेला होता. मग मी माह्या चुलतभावाले, पंजाबरावले, फोन केला. आमी दोघांनी वाहेदले उचललं, पांदणीत नेलं, त्याच्या लुनाजवळ निजवलं अन् बोंब मारली की वाहेदले अटॅक आला. पाच मोठी माणसं जमली. चिरफाड कशाले, बिचाऱ्याची माती वेळेवर होऊ द्या, असं ठरलं. ज्याच्या त्याच्या वावरात आकडा होता, तोंड कोण उघडणार?

पण मय्यतले अंघोळ घालताना हलीमाबीनं त्याची पिंढरी पाहिली. पिंढरीवर बोटभर रुंद काळा चट्टा होता. जिनं जन्मभर वायरी हाताळल्या तिले तो चट्टा कशाचा ते सांगावं लागत नाही. चाळीसावं झालं अन् ती घरोघर फिरली. तार कोणाची हे तिनं एकालाही विचारलं नाही. एवढंच विचारायची की शेवटी त्याच्याजवळ कोण होतं, अन् तवा तो जिता होता का. लोक खाली पाहायचे. ती माह्या घरीही आली. मी तिच्यापुढं चहा ठेवला अन् म्हटलं, आमाले काय माहीत भाबी, आमी पोचलो तवा सारं संपलं होतं. ती माह्याकडे पाहत बसली, चहाले हात लावला नाही.

पुढच्या हंगामात मी परत आकडा टाकला. वाचलं ना? माणूस मेल्यावर टाकला. साऱ्यांनी टाकला.

मग हलीमाबी वावरात उतरली. वाहेदचे गमबूट तिच्या पायात, वाहेदची रबरी मुठीची पकड तिच्या हातात. दिवसाढवळ्या धुऱ्याधुऱ्यानं फिरायची, टेस्टर लावून पाहायची, तार मेलेली दिसली की कापायची अन् गुंडाळून घेऊन जायची. लोक पिसाळले. कोणी तिच्या अंगावर कुत्रं सोडलं. कोणी ढेकळं मारली. पंजाबरावनं तिची लुना विहिरीत लोटून दिली. ती दुसऱ्या दिवशी पायी आली.

माह्या धुऱ्यावर ती आली तवा मी बैलगाडीच्या बाजूची लाकडी उभारी काढली. मले वाटलं हिले कळलं, ही आता माही तार ठाण्यात नेऊन दाखवते. भीतीनं माणूस जास्त मारते, हे मी तुमाले अनुभवानं सांगतो. उभारी तिच्या डाव्या मनगटावर बसली. कपाशीची वाळली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज आला. ती खाली बसली, दात दाबले, उजव्या हातानं पकड उचलली अन् माही तार कापलीच. मी दुसऱ्यांदा उभारी उचलली, पण मारायची हिंमत झाली नाही.

तिनं तक्रार केली नाही. काहून नाही केली ते मले मागून कळलं. ठाण्यात गेली असती तर एकाही कास्तकारानं तिले वावरात पाय ठेवू दिला नसता, अन् तिले तर एकेकाच्या वावरात जायचं होतं. प्लास्टरमधला हात गळ्यात बांधून तिनं मशीन बनवली. झटका मशीन बाजारात मिळते, नाही असं नाही, पण ती लहान कास्तकाराले झेपत नाही. हलीमाबीनं भंगारातून मोटारसायकलच्या कॉइली आणल्या. फवारणी पंपाच्या मेलेल्या बॅटऱ्या साऱ्या गावात उकिरड्यावर पडल्या होत्या, त्यातल्या अर्ध्या तिनं जित्या केल्या. वर हातभर सोलरची पाटी लावली. खुंटीवर तार अडकवायले फुटक्या ठिबकच्या नळीचे तुकडे घेतले, म्हणजे करंट जमिनीत जात नाही. एका सेकंदाले करंटचा एक ठोका. जनावराले शिवला की ते उडून पळते, पण मरत नाही, अन् परत त्या धुऱ्याले येत नाही.

पण तिची एक अट होती. कास्तकारानं साऱ्यांसमोर आपल्या हातानं तार धरायची. नाही धरली तर मशीन मिळणार नाही. ज्या तारेले तुमी हात लावू शकत नाही ती तार कोणाच्याच रस्त्यात बांधायची नाही, असं तिचं म्हणणं. पहिला नंबर पंजाबरावचा लागला. तिची लुना विहिरीत लोटणारा हाच. त्यानं तार धरली, तीन हात मागे फेकल्या गेला, चिखलात बसून आईबहिणीवरून शिव्या दिल्या, मग हात हलवून पाहिला अन् म्हणाला, जिता आहे ना बे मी! सारं गाव हसलं. पंजाबराव मेंढरासारखा तिच्या मागं फिरायले लागला अन् तिच्यासाठी बांबू तोडून द्यायले लागला.

दोन वर्षांत एकेचाळीस वावरात मशीन लागली. बचत गटातल्या पाच बाया तिच्या दुकानात कॉइल भरायले शिकल्या. मग तिनं ग्रामसभेत भांडून नाल्याकाठची ई-क्लासची सरकारी जमीन जनावरांसाठी सोडायले लावली. तिथं फुटक्या सिमेंटच्या पायपाचा पाणवठा केला, कारण हाकललेल्या जनावराले जायले जागा पाहिजे. आता रोही तिथं पाणी पिताना दिसते. मॅडम, तुमच्या कागदावरचं जे काही आहे ते सारं या एका परिच्छेदात आलं. बाकीचं माहं आहे.

साऱ्या शिवारात एकच आकडा उरला, माहा. तिच्यासमोर उभं राहायचं म्हणून मी मशीन मागत नव्हतो. शेवटी आशानंच तिले बोलावणं धाडलं. अन् मले म्हणे, अजून वावरात जायची भीती वाटते, अन् आता डुकराची नाही, तुमच्या तारेची वाटते.

गेल्या मार्गशीर्षात, सकाळी आठच्या सुमारास हलीमाबी आली. दिवसपाळीची लाइन होती, माही तार जिती होती. तिनं आपली तार तिच्या शेजारी लावली, मशीन चालू केली. ठोका टकटक वाजायले लागला. आशा बांधावर बसून पाहत होती. मी म्हटलं, लावतो हात. मी मशीनच्या तारेकडे हात नेला, तर तिनं तो वाकड्या बसलेल्या मनगटानं बाजूले सारला.

"याले नाही शेषरावभाऊ," ती म्हणाली. "तुमच्या तारेले लावा."

मी हात मागं घेतला. आशा म्हणाली, भाबी, हे काय बोलता, मरतील ना ते. हलीमाबीनं तिच्याकडे पाहिलंही नाही.

"माह्या माणसानं लावला होता," ती म्हणाली. "मी अडीच वर्षांपासून एकच विचारून राहिली. जिता होता का?"

तार कोणाची ते तिले पहिल्यापासून माहीत होतं. माहा स्टार्टर तिच्याच दुकानातून निघाला होता, तो कुठं पोचवायले वाहेद गेला हे तिच्यापेक्षा कोणाले जास्त माहीत असणार? तरी ती एकेचाळीस वावरं करून माह्याकडे शेवटी आली. मी खाली बसलो अन् आशाच्या देखत सांगितलं. जे सांगितलं ते खाली लिहितो, कारण मॅडम येऊन गेल्यावर तिनं निरोप धाडला की नुसतं तोंडी नको, लिहून द्या, अन् सत्काराच्या दिवशी साऱ्या गावासमोर, ठाणेदारासमोर, तुमीच वाचा. त्या सकाळी मग तिनं माहा आकडा काढला, मशीन माह्या हाती दिली अन् निघून गेली. मले माफ केलं असं ती म्हणाली नाही, अन् मी मागितली नाही. आशा त्या दिवसापासून माह्याशी बोलत नाही.

तर भाबी, वाहेद जिता होता. मी पोचलो तवा तो धुऱ्यावर उताणा होता, पाय तारेपासून सुटला होता, स्टार्टर छातीवर होता. त्याची बोटं हालत होती. त्यानं माह्याकडे पाहिलं, मले ओळखलं. मी त्याच्याकडे गेलो नाही. मी बांबूनं आकडा काढला, सारा धुरा फिरून तार गोळा केली, खुंट्या उपटल्या, सारं विहिरीत टाकलं, अन् मग त्याच्याकडे आलो. तवा बोटं हालत नव्हती. या साऱ्याले दहा मिनिटं लागली असतील. तेवढ्यात गाडी बोलावली असती तर तो वाचला असता का, ते मले माहीत नाही. घाई होती, तरी तार मी नीट गुंडाळली होती.