मंसाराम काकांचं बोट

हे मी कोणाजवळ बोललेले नाही. आईजवळ नाही, आणि जिच्याजवळ एरवी माझ्या पोटात काही राहत नाही त्या बहिणीजवळही नाही. तीन वर्षं झाली. आता लिहिते आहे ते मन हलकं व्हावं म्हणून नव्हे. उद्या हेच मला चारचौघांत उभं राहून बोलायचं आहे, आणि तोंडाला सवय व्हावी म्हणून आधी तुम्हाला सांगते आहे. अडखळेन. ऐकून घ्या.

मी प्रोग्रामर आहे. कंपनी पुण्याची, पण मी बसते सौंदडच्या पुढे, आमच्या गावात, आईच्या घरी. गावाला जुना मोठा तलाव आहे. त्याचं पाणी ज्याच्या-त्याच्या पाळीप्रमाणे धानाच्या बांध्यांना, म्हणजे बांध घातलेल्या शेतांना, सोडणारा पाणकर असतो. मंसाराम काका आमचे पाणकर. त्यांचे वडील पाणकर, आजाही पाणकर. तुडूम — म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दार — कधी उघडायचं, कोणासाठी, किती वेळ, सारं त्यांच्या डोक्यात. वहीची गरज त्यांना कधी पडली नाही. गरज पडली ती मला. शिकलेली पोर गावात परतली की तिला काहीतरी करून दाखवायचं असतंच ना?

तलाव समितीला मी एक ॲप करून दिलं. तुडूम उघडलं की काकांनी मोबाइलवर बटन दाबायचं. मग प्रोग्राम पाळी कोणाची ते बघणार, नोंद करणार आणि त्या शेतकऱ्याला मेसेज पाठवणार. मी ते हास्केल नावाच्या भाषेत लिहिलं आणि पंचायतीच्या ओट्यावर छाती फुगवून सांगितलं, ‘या भाषेत चूक आधीच पकडली जाते.’ गर्वाचं घर खाली म्हणतात. माझं घर खाली आलं नाही, दुसऱ्याचं आलं.

थोडं माझ्या कामातलं सांगावं लागेल. या भाषेत मोनाड नावाची एक रीत असते. एका पायरीचं उत्तर पुढच्या पायरीच्या हाती द्यायचं, आणि सोबत काहीतरी सांभाळत जायचं. एक मोनाड नोंदवही सांभाळतो. दुसरा, कुठे चूक झाली की काम तिथेच थांबवतो. दोन्ही हवे असतील तर एकावर दुसरा चढवावा लागतो, आणि ज्याने चढवतात त्याला ट्रान्सफॉर्मर म्हणतात. (समितीच्या अध्यक्षांनी विजेचा ट्रान्सफॉर्मर समजून विचारलं होतं, ‘बाई, मंग डीपी कोठी बसवतेस?’) खरी मेख क्रमात असते. एका क्रमाने चढवलं तर चूक झाल्यावर नोंदवहीसुद्धा फेकली जाते, जणू काही घडलंच नाही. दुसऱ्या क्रमाने, चूक होते पण तोवरची नोंद हातात राहते. संगणक दोन्ही क्रम बिनतक्रार चालवून घेतो.

मी पहिला क्रम घेतला. कंपनीत तसाच होता, तिथून उचलला. तिथे तो बरोबरच आहे — काम अर्ध्यात फसलं तर सगळं मागे घेतलेलं चांगलं. पण सुटलेलं पाणी तलावात परत जातं का? तलावाकाठी वाढलेल्या मुलीला हे सुचू नये?

धान निसवत होतं, लोंब्या बाहेर पडत होत्या, तेव्हाची गोष्ट. पाटाच्या शेवटच्या टोकाला सुखदेव भाऊंच्या बांध्या. त्यांच्या पाळीला काकांनी सकाळी तुडूम उघडलं, बटन दाबलं. सुखदेव भाऊंचा नंबर रिचार्जविना बंद पडला होता. मेसेज गेला नाही, प्रोग्रामने चूक धरली — आणि झालेली नोंद पुसली. पडदा नुसता पहिल्या पानावर आला. काकांना वाटलं, झालं. मेसेज नाही म्हणून सुखदेव भाऊ पाटावर नव्हते, आणि पाणी मधेच कोणीतरी पाट फोडून वळवून घेतलं; हे कळलं ते नंतर. सुखदेव भाऊंच्या बांध्या कोरड्या राहिल्या, धान पोचट निघालं.

सभा भरली. ‘पानी सोडलंच नाही यानं,’ सुखदेव भाऊ म्हणाले. काका एवढंच म्हणाले, ‘मी दाबलो होतो, बाई.’ माझ्याकडे बघून. अध्यक्षांनी मला विचारलं, मशीनमध्ये काही गडबड तर नाही? मी म्हणाले, ‘नाही. दाबलं असतं तर दिसलं असतं.’

त्याच सभेत काकांच्या हातून तुडुमाची जबाबदारी गेली. तीन पिढ्यांची.

दुसऱ्या दिवशी मी तपासलं, तेव्हा मला चूक कळली — असं लिहायला मी बसले होते. वरचं वाक्य तसंच ठेवते, म्हणजे मी अजूनही कशी पळते ते तुम्हाला दिसेल. दुसऱ्या दिवशी नाही. सभेच्या आधी. सकाळीच मी एक बंद नंबर घालून बघितला होता आणि माझ्या डोळ्यांसमोर नोंद नाहीशी झाली होती. मला माहीत होतं. ओट्यावर बसताना माहीत होतं, ‘नाही’ म्हणताना माहीत होतं. काऊन बोलले नाही? हसतील म्हणून. एवढंच. याहून मोठं कारण शोधून बघितलं, सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी केलं ते वेगळंच. क्रम बदलला, काम मोजून चार ओळींचं. आणि चहा पिऊन उठत होते तेवढ्यात काका दारात आले. भांडायला नाही. म्हणाले, ‘माह्या बोटालेच जमलं नसन. कसं दाबाचं ते एकडाव दाखवून दे, बाई.’

मी दाखवलं. त्यांचं बोट हातात धरून. आयुष्यभर तुडुमाचं लोखंड ओढून घट्टे पडलेलं बोट. ‘असं जरा जोरात, काका. थोडा वेळ धरून ठेवायचं.’ शाळेतल्या बाईसारखी समजावत होते मी. त्यांनी मान डोलावली, चार वेळा दाबून बघितलं, आणि दर वेळी नोंद झाली. होणारच होती.

सभेतलं खोटं भित्रेपणाचं होतं. हे काय होतं? ज्या माणसाला आपण बरोबर होतो हे पक्कं ठाऊक होतं, त्याला मी स्वतःच्या हातावर शंका घ्यायला शिकवलं. मला याची फार लाज वाटते. राशनच्या दुकानात काका आजही अंगठा उचलतात, परत ठेवतात आणि विचारतात, ‘लागला का? पक्का?’ लोक हसतात. मागच्या महिन्यात मी त्यांच्या मागे रांगेत उभी होते.

उद्या समितीची सभा आहे. आधी काकांच्या घरी जाईन, मग ओट्यावर. सुखदेव भाऊंनाही बोलावलं आहे. माफी मागणार नाही. मागितली की काकांनाच ती द्यावी लागेल, आणि ते देतील. नोंद पुसणारा तो जुना प्रोग्राम आणि एक बंद नंबर घेऊन जाणार आहे. बटन मी दाबणार नाही. ते काका दाबतील, सगळ्यांसमोर, एकदाच.