पिराजी सरांचा तास

आमच्या शाळेत पीटीच्या तासाला मुलं बसतात. खोटं वाटत असेल तर बेंगळुरूला महादेवपुऱ्यात या आणि गेटाशी उभं राहून बघा. पत्र्याच्या सावलीत ओळीनं बसलेली असतात. कुणी कॅरम खेळतंय, कुणी गणिताचा गृहपाठ उरकतंय. एखाद्यानं उठून चेंडू मागितलाच, तर दुसरा लगेच छातीवर हात ठेवतो, "सर, चेस्ट पेन!" झालं. पिराजी सर धावत येतात, त्याला आडवा करतात, नाडी बघतात, पाणी पाजतात आणि मग सगळ्यांनाच खाली बसवतात. कार्टी पक्की बेरकी. सरांनी पाठ वळवली की खुदूखुदू हसतात. मला असा संताप येतो! मी तिथली आया, तानूबाई. बुटाच्या नाड्या बांधण्यापासून ओकारी पुसण्यापर्यंत सगळं माझ्याकडं, त्यामुळं बोलायचा हक्कही मी घेतलाय. "मेल्यांनो, त्या माणसाला छळू नका," म्हणून ओरडते. कोण ऐकतंय!

चार वर्षांपूर्वीचे पिराजी सर तुम्ही बघायला हवे होते. ते चिकोडीकडचे आणि माझं माहेर निपाणी, म्हणजे आम्ही तसे शेजारीच, दोघंही सीमेवरचे, घरात मराठी आणि बाहेर कानडी. उंच, काटक गडी, आणि आवाज असा की पलीकडच्या गल्लीतलं कुत्रं भुंकायचं थांबावं. एका तासाला साठ पोरं आणि मैदान म्हणजे शाळेच्या बसगाड्या लावायची जागा. तरी सगळ्यांना घाम काढल्याशिवाय सोडायचे नाहीत. परीक्षा जवळ आली म्हणून गणिताच्या बाई पीटीचा तास मागायला आल्या, की म्हणायचे, "पोरांना पायसुद्धा आहेत, मॅडम, नुसतं डोकं नाही." बहाणे मात्र त्यांच्यापुढं चालायचे नाहीत. पोट दुखतंय, पाय मुरगळलाय, डोकं जड झालंय, सगळ्यावर एकच औषध, अजून एक फेरी. आणि कशाला खोटं बोलू, बहुतेक पोरं ती फेरी मारून हसतच यायची.

निहार तेवढा हसत आला नाही. सातवीतला, नागपूरहून आलेल्या घरातला, चष्मेवाला, अबोल पोरगा. त्या सकाळी फेरी पुरी करून सरांच्या पुढ्यात येऊन बसला आणि बसल्या जागी कलंडला, तो पुन्हा उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदयात जन्मापासून दोष होता, कुणाला ठाऊकच नव्हता. ठाऊक कसा असणार? आमच्याकडं वर्षाची तपासणी म्हणजे वजन, उंची, आ कर, चल पुढचा! हॉस्पिटलात मी सरांबरोबर गेले होते. पोराच्या आईनं, नीलिमाताईंनी, सरांना एकच विचारलं, "पळायच्या आधी तो काही बोलला होता का?"

"नाही," सर म्हणाले.

सरांना कुणी बोल लावला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून शाळेनंही विषय मिटवला. पण तेव्हापासून या माणसानं एकाही पोराला पळवलं नाही. प्रिन्सिपॉल खूश, कारण कुणाचं ढोपर फुटत नाही, तक्रार येत नाही. गणिताच्या बाई आता तास मागत नाहीत, सरळ घेतात. आणि सर? ते मैदानात चालता चालता मधेच थांबतात, मागं वळतात आणि हळूच विचारतात, "काय रे?" मराठीत. मागं कुणी नसतं. भर दुपारच्या उन्हातसुद्धा माझ्या अंगावर सर्रकन काटा येतो.

यंदा नीलिमाताई शाळेत आल्या. निहारच्या नावानं त्यांना एक कप द्यायचा होता, तोही धावण्याच्या शर्यतीचा. "त्याला खेळाची आवड नव्हती, पण पोरांनी पळावं असं मला वाटतं. आणि कप पिराजी सरांच्याच हातात देईन," म्हणाल्या. प्रिन्सिपॉलनी मान डोलावली. आता शर्यत घ्यायची म्हणजे पोरं पळवायला हवीत.

मी चहा घेऊन खेळाच्या खोलीत गेले, तर सर हवा गेलेल्या फुटबॉलांमधे बसून होते. चहाकडं बघितलंही नाही.

"तानूअक्का, तो बोलला होता," म्हणाले.

"कोण?"

"निहार. ओळीतून बाहेर आला, माझ्याजवळ आला आणि मराठीत बोलला. छातीत कसंतरी होतंय म्हणाला."

सर मग थांबेचनात. त्याच्या आदल्याच आठवड्यात स्टाफरूममधे कुणीतरी टोमणा मारला होता की पिराजी सर आपल्या मराठी पोरांना झुकतं माप देतात. तो या माणसाच्या जिव्हारी लागला. मैदानात मराठी म्हणून बोलायचं नाही, असं ठरवूनच टाकलं त्यांनी. आणि नेमका हा पोरगा येऊन कानाशी मराठीत बोलला! सरांना वाटलं, आपला माणूस म्हणून सूट मागतोय. सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं कानडीत दटावून त्यांनी त्याला परत ओळीत धाडला.

"बाकीच्या पोरांना तो काय बोलला ते कळलंच नाही. मला एकट्याला कळलं, अक्का. आणि त्याच्या आईनं विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो."

दया येण्याआधी मला राग आला. "कप घ्यायच्या आधी त्या माउलीला खरं सांगा," मी म्हटलं.

"पोलिसात जातील त्या. माझी नोकरी, घरदार... मला जिवंत सोडणार नाहीत."

"आत्ता तरी कुठं जिवंत आहात, सर?"

मग म्हणाले, "तुम्ही याल बरोबर?" नाही कसं म्हणणार?

रविवारी आम्ही नीलिमाताईंच्या फ्लॅटवर गेलो. त्यांचे मिस्टर, अजितराव, बाजारात गेले होते. ताईंनी मला मावशी म्हणून आत बसवलं, पोहे करते म्हणाल्या. सर काही बसेनात. दाराशीच उभं राहून म्हणाले, "ताई, मी खोटं बोललो होतो. तो बोलला होता."

ताईंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. "काय बोलला?"

"सर, छातीत कसंतरी होतंय, थोडं बसू का?"

"मराठीत?"

"हो."

"आम्ही मराठीत बोल म्हणून किती मागे लागायचो," त्या म्हणाल्या. "इंग्लिशमधेच उत्तर द्यायचा." आणि क्षणभर, देवाशपथ सांगते, त्या बाईचा चेहरा उजळला. मला ते बघवेना. मग विचारलं, "तुम्ही काय म्हणालात त्याला?"

सरांनी ते शब्द तसेच कानडीत सांगितले, "नाटका बेडा, ओडु."

इतकी वर्षं बेंगळुरूत राहूनही ताईंचं कानडी स्वल्प म्हणजे थोडं आणि सरी म्हणजे बरं, या दोन शब्दांच्या पुढं गेलेलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. "नाटक समजलं मला, मावशी. पुढचं काय?"

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. "नाटक नको, पळ," मी सांगितलं.

आता ही बाई उठून सरांच्या मुस्काटात मारणार, असं मला वाटलं. मारली असती तर मी अडवलं नसतं. पण त्या खुर्चीवर बसल्या आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. बोलल्या तेव्हा डोळ्यांत टिपूस नव्हतं.

"सकाळी मलाही म्हणाला होता, मम्मा, आय ॲम नॉट फीलिंग वेल. मी म्हटलं, आज पीटी आहे म्हणून ना? दूध पी आणि बस पकड."

सर भिंतीला धरून खाली बसले.

"म्हणून तर हॉस्पिटलमधे तुम्हाला विचारलं होतं, सर. तुम्ही नाही म्हणालात. म्हणजे त्यानं फक्त मलाच सांगितलं होतं आणि मीच ऐकलं नाही, असं समजून मी आजवर जगले. अजितलाही बोलले नाही."