पुसून टाकायची डायरी

सॉफ्टवेअरचं काम मला उत्तम येतं आणि हे सांगायला मी लाजत नाही. पुण्याच्या कंपनीची नोकरी मी पिंपळगाव राजातल्या आमच्या घरातून करते. एका सकाळी वहिनीच्या समोर दूध उतू गेलं, तरी ती गॅसजवळ नुसती उभी. "ताई, डोक्यात जागाच नाही राह्यली," म्हणाली. अंगणवाडीची कामं, घरची कामं, आईची बोलणी, सगळं तिच्या डोक्यात साचलं होतं. मला तिची फार काळजी वाटली. मी छातीठोकपणे म्हटलं, "दोन दिवस दे."

दोन दिवसांत तिच्या फोनवर डायरी तयार. इंटरनेट नको, खातं नको, वर चार आकडी कुलूप. कुणाच्या बापाला उघडायची नाही! वहिनी रोज दुपारी लिहू लागली, आणि जेवताना पुन्हा हसायलाही लागली.

पण आमच्या घरात फोन फ्रिजवर पडलेला असतो आणि ज्याला हवा तो उचलतो. आई त्यावर कीर्तन ऐकते. तिला ते कुलूप दिसलं.

"काय लपवून राह्यली वं? माह्याबद्दलच लिवत असशील."

वहिनीनं तिच्यादेखत डायरी काढून टाकली. मी आईवर चिडले, तणतणले. मग लक्षात आलं, चूक माझीच. जिचा फोन तिच्या एकटीचा असतो अशा बाईसाठी मी डायरी बनवली होती, आणि तशी बाई आमच्या घरात नाही.

दुसऱ्या खेपेला कुलूपच काढलं. एक कोरं पान, खाली एकच बटण: पुसून टाक. दाबलं की संपलं, कुठेच काही उरत नाही. ऑफिसातला मित्र म्हणाला, ही कसली डायरी? म्हटलं, तुझ्या घरी सासू नाही. यावेळी मी ती आधी आईलाच दाखवली.

वहिनी मात्र आठवडाभर तिला हात लावेना. तिचा चेहरा पुन्हा उतरला.

मग एका दुपारी आई वहिनीचाच फोन घेऊन ओसरीवर बसली. चष्मा लावून, एका बोटानं, कितीतरी वेळ काहीतरी लिहीत होती. मध्येच तिनं पदरानं डोळे पुसले. वहिनी दारातून बघत होती. आईनं बटण दाबलं आणि फोन तिच्यापुढे धरला.

"घे. माहं पुसलं. आता तू लिव. म्या बसतो भाकरी टाकाले."