धाकट्या जावेचे तीन प्रश्न

माझ्या धाकट्या जावेबद्दल चांगलं बोलणारी माणसं आमच्या गल्लीत पैशाला पासरी मिळतात. मी त्यातली नाही, हे आधीच सांगून टाकते. मी सांगणार ते खरं आहे, पण गोड लागणार नाही, कारण तिचं नाव निघालं की माझ्या पोटात दुखतं. बारा वर्षं दुखतंय.

ती पाणी खात्याच्या प्रयोगशाळेत नमुने गोळा करते. खांद्याला पेटी, पेटीत काचेच्या बाटल्या, आणि सकाळभर या नळाला त्या टाकीला बाटली लावत हिंडायचं. बाटली भरली की तिच्यावर चिठ्ठी डकवायची: कोणी भरली, किती वाजता, कुठल्या नळाची. यातली एक गोष्ट जरी राहिली, तरी ते पाणी मोरीत ओततात, मग ते कितीही नितळ दिसो. हे वळण तिच्या इतकं अंगात मुरलंय की घरातही सुटत नाही. सासूबाई म्हणाल्या, "दूध नासलंय वाटतं," की ही विचारणार, "कोणी पाहिलं, आई? कधी पाहिलं?" सासूबाई हसतात. मी हेच विचारलं असतं तर उलट बोलते म्हणून आठवडाभर तोंड फुगवून बसल्या असत्या.

मी शिवणकाम करते. पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीशी माझं मशीन आहे. शाळेचे गणवेश, पँट आखूड करणं, चेन बदलणं, असलं काम. ही लग्न होऊन यायच्या आधी गल्लीतली प्रत्येक बातमी या खिडकीतून पुढे जायची. लोक पँट द्यायला यायचे आणि बातमी घेऊन जायचे. मी थोडं तिखटमीठ लावायचे, नाही कशाला म्हणू. पण माणसं अर्धा अर्धा तास उभी राहायची, आणि मला ते आवडायचं.

मग मोबाईल आले. गल्लीचा ग्रुप निघाला, तो काढलासुद्धा मीच. अडीचशे माणसं त्यात. आणि त्यात ही शिरली. कोणीतरी टाकायचं, "उद्यापासून आठ दिवस पाणी बंद, सगळ्यांना कळवा." खाली हिचे तीन प्रश्न हजर: "कोणी पाहिलं? कधी पाहिलं? कुठून पाहिलं?" बस्स, पुढे एक अक्षर नाही. टाकणारा मुकाट्याने गायब. एकदा हिनेच लिहिलं की सहाला पाणी येईल, आणि आलं आठला. कोणी काही विचारलं नव्हतं. तरी हिने आपणहून लिहिलं, "मी सहा सांगितले, आठ वाजले. चूक माझी." खाली नाव आणि वेळ. लोक इतके खूश झाले, जसं काही हिने दोन तासांचं पाणी खिशातून काढून दिलं.

तेव्हापासून लोक खिडकीशी येतात, हातात पँट असते, आणि मला विचारतात, "जाऊबाई आहेत का घरी? एक खरं-खोटं विचारायचं होतं." माझ्या खिडकीशी उभं राहून. अंगाचा तिळपापड म्हणतात तो काय, ते मला तेव्हा समजलं.

एक गोष्ट आणखी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अडलंय. जाऊ बोलायला लागली की मी भांडी घासायला घेते. मुद्दाम. नळ मोठा सोडते, कढई जोरात घासते. ती बोलत राहते, मी "हं" म्हणत राहते. बारा वर्षांत तिची किती वाक्यं माझ्या मोरीतून वाहून गेली असतील, देव जाणे.

तर निवडणूक आली. आमच्या वॉर्डातून दोघं उभे होते, एक सिमेंटवाले आणि एक वकीलसाहेब. ग्रुपवर नुसता धुरळा. रोज शंभर मेसेज, त्यातले नव्वद खोटे, आणि प्रत्येकाखाली हिचे तीन प्रश्न. दोन्ही बाजूंचे लोक हिला वचकून. वकीलसाहेब एकदा स्वतः घरी येऊन गेले, "तुमच्यासारखी माणसं हवीत हो," म्हणाले. चहा मी केला. त्यांनी कपही माझ्याकडे न बघता घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खाली बघते तर पाणी खात्याचा टँकर सिमेंटवाल्यांच्या दारात उभा, आणि मागचा व्हॉल्व्ह पूर्ण सोडलेला. पाण्याचा लोट गटारात चाललाय. आम्हाला एक दिवसाआड पाणी, आणि इथे हे. ड्रायव्हर चाकाला टेकून विडी ओढत होता. मी फोटो काढला. मनात पहिला विचार काय आला सांगू? सिमेंटवाल्यांचा नाही, पाण्याचाही नाही. मनात आलं, आता विचार म्हणावं कोणी पाहिलं. मी पाहिलं. आत्ता पाहिलं. माझ्या गच्चीवरून पाहिलं.

फोटोसोबत तसंच लिहिलं मी. "पिण्याच्या पाण्याचा टँकर उमेदवाराच्या दारात रिकामा. आपण घागरी मोजायच्या, यांनी अंगण धुवायचं. ड्रायव्हरला किती मिळाले? मी स्वतः पाहिलं, सकाळी दहा, माझ्या गच्चीवरून." खाली माझं पूर्ण नाव.

अहो, काय झालं म्हणून सांगू. दुपारपर्यंत दीडशे अंगठे. वकीलसाहेबांच्या माणसांनी मी काढलेला फोटो मोठा करून बॅनरवर चढवला. खिडकीशी गर्दी. "शाबास वहिनी, तुम्हीच पाहिजे होता." मी मशीन बंद ठेवून पाच वेळा तीच हकीकत सांगितली, आणि पाचव्या वेळी ड्रायव्हर विडी ओढता ओढता हसतही होता. संध्याकाळी टँकरच्या ड्रायव्हरला कामावरून थांबवलं. चौकशी होईपर्यंत घरी.

त्याला सगळे तात्या म्हणतात. वयस्क माणूस, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. त्याच्या नव्या वर्दीचं कापड माझ्याच टेबलावर पडलं होतं.

जाऊ कामावरून आली ती सरळ स्वयंपाकघरात. पेटी खाली ठेवली नाही. "ताई," ती म्हणाली, "टँकर धुतला होता आज."

"म्हणजे?"

"तीन महिन्यांनी ब्लीचिंग टाकून रात्रभर ठेवतात आणि सकाळी सोडून देतात. ते पाणी प्यायचं नसतं. मोठं गटार फक्त सिमेंटवाल्यांच्या दारातलं, म्हणून तिथे सोडतात. दर वेळी तिथेच. साडेदहाला परत भरल्यावर नमुना मीच घेतलाय."

माझ्या हातातली पळी तशीच राहिली. पण तोंड थांबेल तर ना. "मग ग्रुपवर सांगायला काय झालं होतं? एरवी तर सगळं सांगतेस."

तिने पेटी खाली ठेवली. "काल रात्री तुम्हाला सांगितलं होतं ना. माझा फोन बिघडलाय, उद्या टँकर धुणार, तेवढी सूचना ग्रुपवर टाकाल का, असं विचारलं. तुम्ही हं म्हणालात."

मी कढई घासत होते. मी हं म्हणाले असणारच.

"तू जळतेस," मी तिला म्हणाले. खरंच, मी तिला म्हणाले हे. "मला कधी नव्हे ते लोकांनी विचारलं, ते बघवत नाही तुला."

तिने भाऊजींचा फोन घेतला आणि ग्रुपवर लिहिलं, "टँकर धुण्यासाठी रिकामा केला होता. ते पाणी ब्लीचिंगचं होतं. आदल्या दिवशी सूचना टाकणं माझं काम होतं. ते मी दुसऱ्यावर सोपवलं आणि झालं का ते पाहिलं नाही. चूक माझी." नाव, वेळ. दुसरं म्हणजे कोण, ते लिहिलं नाही.

आता गंमत बघा. अर्ध्या लोकांनी विश्वास ठेवला नाही, खात्याची बाई खात्याचीच बाजू घेणार म्हणाले. उरलेल्या अर्ध्यांनी तिचं इतकं कौतुक केलं की विचारू नका. "चूक कबूल करायला मोठं मन लागतं." "आदर्श घ्यावा असं." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हणजे बरोबर असली तरी हिलाच हार, आणि चुकली तरी हिलाच. आणि चूक तरी कोणाची? माझी. माझी चूकसुद्धा हिने नेली.

मी पोस्ट काढली नाही. काढली तर लोक म्हणणार, वहिनी घाबरल्या. दोन दिवस तशीच राहू दिली.

तिसऱ्या दिवशी खिडकीशी तात्या उभे. "वर्दीचं कापड," ते म्हणाले. "शिवू नका. परत द्या."

"अहो, कापून झालंय," मी म्हणाले.

"मग तसंच द्या. पुसायला होईल." मी कापड गुंडाळून देत होते तेव्हा ते म्हणाले, "माझ्याकडे असला फोन नाही. खात्यातल्या साहेबांनी त्यांच्या फोनवर दाखवला तुमचा फोटो. चांगला आलाय. विडीसुद्धा दिसते." निघताना म्हणाले, "माझी नात विचारते, किती मिळाले तुम्हाला."

ते गेले. मी मशीनवर बसले, पण दोरा ओवता येईना.

दुसऱ्या दिवशी आपणहून पाणी खात्याच्या ऑफिसात गेले. चौकशी करणारे कारकून एका लांबट खोलीत बसतात, कपाटांच्या मध्ये. बाकावर तात्या होते, आणि त्यांच्या शेजारी माझी जाऊ, मांडीवर नमुन्यांचं रजिस्टर घेऊन. साक्षीला बोलावलं होतं तिला. मला बघून ती उठली आणि जागा दिली. मी बसले नाही.

टँकरचं मी लिहिलं होतं, असं सांगितलं तेव्हा कारकुनाने कागद पुढे ओढला. "कोणी पाहिलं?"

"मी."

"कधी? कुठून?"

सांगितलं.

"काय पाहिलं?"

"पाणी सोडलेलं."

"प्यायचं होतं, हे पाहिलं? पैसे घेताना पाहिलं?"

"नाही."

"टँकर धुणार हे तुम्हाला आधी कोणी सांगितलं होतं?"

"हिने सांगितलं होतं. मी हं म्हणाले होते. ऐकलं नव्हतं."

त्याने ते लिहून घेतलं. मग सवयीनेच पुढचं वाक्य लिहीत मोठ्याने वाचलं, "सदर मजकूर माझ्याकडून गैरसमजातून टाकला गेला." आणि कागद माझ्याकडे फिरवला. "इथे सही करा. ही प्रत ऑफिसात राहील."

"ग्रुपवर पण टाका," तात्या बाकावरून म्हणाले. "जिथे माझी अब्रू घेतली तिथेच."

मी पेन हातात घेतलं. गैरसमज. किती सोपा शब्द, कोणालाही शोभेल असा. सही करून घरी गेले असते, आणि कोणी सांगावं, मोठ्या मनाचे दहा-वीस अंगठे मलाही मिळाले असते. जाऊ तिकडे रजिस्टरच्या कोपऱ्याशी बोटाने चाळा करत बसली होती. तिने आजवर एकदाही सोयीचा शब्द लिहिला नव्हता. त्या क्षणीसुद्धा मला तिचाच हेवा वाटला, आणि त्याच हेव्याने मी पेन खाली ठेवलं.

"गैरसमज नाही," मी म्हणाले. "खोडा ते."

"मग काय लिहू?"

"जळून टाकलं, असं लिहा."

कारकुनाने चष्मा वर केला. "कोणावर?"

"धाकट्या जावेवर."

"बाई, हे सगळ्या गल्लीत जाणार आहे. विचार करा."

"लिहा."

त्याने खोडलं, वर लिहिलं. मी सही केली. तात्यांनी ऐकलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही. साक्षीदाराची सही हवी म्हणून कागद जावेकडे गेला. तिने तो सावकाश वाचला, बाटलीवरची चिठ्ठी वाचते तसा. त्या ओळीशी थांबली.

"कधीपासून, ताई?" तिने विचारलं.

"तू आलीस त्या दिवसापासून."

तिने कागदावर सही केली आणि रोजच्या सवयीने खाली वेळ घातली, बारा वाजून दहा मिनिटं. मग मी कागदाचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला.